कोकणात जुना लष्करी ट्रक सांभाळताना: नवख्यांसाठी कामांचा क्रम

लष्कराने लिलावात काढलेला ट्रक घरी आला की पहिल्याच दिवशी इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकावा, असे कोणालाही वाटते. हा मोह आवरावा. या गाड्यांचे किलोमीटर बहुधा कमी झालेले असतात. त्यांचे खरे नुकसान होते ते उभे राहून. आधी डेपोच्या आवारात, मग लिलावातून घेणाऱ्याच्या पटांगणात, मग एखाद्या चिरेखाणीच्या कडेला अशी गाडी वर्षानुवर्षे उभी राहते, आणि तेवढ्या काळात रबर कडक होते, ब्रेकच्या तेलात पाणी मुरते, टाकीत गाळ बसतो आणि डिझेल पंपातले बारीक भाग जागच्या जागी चिकटतात. कोकणात त्यात खाऱ्या वाऱ्याची आणि चार महिन्यांच्या पावसाची भर पडते. म्हणून येथे सुचवलेला क्रम नेहमीच्या सवयीच्या उलट आहे: आधी चासी, मग ब्रेक, मग चाके, मग तेले, त्यानंतर इंधन आणि वीज, आणि इंजिनाची पाळी त्याही नंतर. थांबवता न येणारा काही टनांचा ट्रक उतारावरच्या वाडीत सुरू करून ठेवण्यात कोणाचेच भले नाही.

गाडी ओळखणे

आपल्याकडे मिळणाऱ्या जुन्या लष्करी गाड्यांत सर्वांत परिचित म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ साली हा ट्रक बनू लागला. पुढे १९६९ मध्ये तेथेच व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमानबरोबर निसानचा एक टनी ट्रक आणि जीपसारखी जोंगा या गाड्या तेथून बाहेर पडल्या. शक्तिमान डिझेलवर चालतो. निसान आणि जोंगा यांना मुळात सुमारे ४ लिटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते, पण नागरी हातांत आल्यावर त्यांतल्या अनेकांना डिझेल इंजिने बसवली गेली. नंतरच्या पिढीतल्या अशोक लेलँड स्टॅलियन आणि टाटा एलपीटीए ७१३ याही चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांचे बरेचसे सुटे भाग नागरी ट्रकांशी जुळत असल्यामुळे नवख्याला त्या अधिक सोयीच्या पडतात. शक्तिमानचे रूप मनात भरते हे खरे, पण सुटे भाग शोधण्याची चिकाटी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केबिनमध्ये डॅशबोर्डवर किंवा दाराच्या आत धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. गिअरची रचना, कोणत्या गिअरमध्ये किती वेग, कोठे कोणते तेल, अशी माहिती त्यांवर कोरलेली असते. रंगाच्या थराखाली त्या दबलेल्या असल्या तर थिनरच्या बोळ्याने हळूच स्वच्छ कराव्यात, खरवडू नयेत. तुमच्या गाडीबद्दलचा तेवढा विश्वासार्ह कागद दुसरा मिळणे कठीण असते.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात सांगतो, पण तो टाळण्यासारखा नाही. सरकारी गाड्यांचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात आणि गाडी जशी आहे तशी, जेथे आहे तेथून उचलायची असते. नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नमुना २० मधला अर्ज, विमा आणि लष्करी गाडीच्या बाबतीत संबंधित अधिकाऱ्याचे मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. ते मूळ प्रमाणपत्र नसेल तर किंमत कितीही कमी असो, गाडी घेऊ नये; पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग, कोणत्याही परिवहन कार्यालयात तिचे पुढे काही होत नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, आणि संरक्षणाच्या कामाची खास वाहने त्याला अपवाद असली तरी जुनी वाहने आता अधिकाधिक प्रमाणात भंगार केंद्रांकडे जातात. त्यामुळे नवख्याने पूर्वीच नागरी नोंदणी झालेली गाडी शोधणे शहाणपणाचे आहे. इंजिन बदललेले असेल तर तो बदल नोंदणी पुस्तकात चढलेला आहे का, हे इंजिनावरचा क्रमांक स्वतः वाचून पडताळावे. आणखी एक गोष्ट: नियम १२१ प्रमाणे लष्कराचा तो गडद हिरवा रंग नागरी गाडीला लावता येत नाही. बाणाचे चिन्ह असलेला जुना क्रमांकही काढावा लागतो. रंग कोणता द्यायचा हे त्यामुळे आधीच ठरवून ठेवावे.

चासी आणि गंज तपासणे

गाडी पाहायला जाताना टॉर्च, लहान हातोडी, जाड पेचकस आणि अंगाखाली घालायला एक पोते न्यावे. कोकणात आधी वापरलेली गाडी असेल तर वरच्या पत्र्याकडे पाहून काहीच कळत नाही, कारण गंज लागतो तो दोन जाड पट्ट्या एकमेकींवर बसतात तेथे. चासीवर चढवलेली जादा पट्टी, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, आडव्या सळ्यांचे कोपरे, बॅटरीच्या पेटीखालचा भाग आणि केबिनच्या फरशीची खालची बाजू या जागा एकेक करून हातोडीने ठोकाव्यात. चांगले लोखंड खणखणीत वाजते. गंज आत शिरला असेल तर आवाज बद्द येतो आणि पापुद्रे गळतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये गंज वाढला की तो फुगतो आणि रिबिटांच्या मधला भाग बाहेर ढकलतो. कडेने डोळा लावून पाहिले तर सरळ असायला हवी ती रेघ लाटेसारखी दिसते. अशी चासी नवख्याने घेऊ नये.

पत्र्याचा गंज दुरुस्त होतो, केबिनची फरशी नवी घालता येते, हौद्याच्या फळ्या आणि फाळके सुतार बदलून देतो. चासीचे तसे नाही. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडांवर वेल्डिंग करून भेगा बुजवलेल्या असतील तर त्या वेल्डिंगच्या शेजारी पुन्हा भेग पडलेली आहे का, हे पाहावे. कडेवरच ताण सर्वांत अधिक येतो आणि उष्णतेने तेथले पोलाद बिघडते.

जागा आणि आधार

कामासाठी सपाट, टणक जमीन हवी. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी लागते, पण पावसाने भिजली की जॅक तिरका होतो. तेव्हा जॅकखाली जाड लोखंडी प्लेट किंवा ऐनाच्या लाकडाची रुंद फळी घालावी. गाडी उचलल्यावर केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरायचे नाही. वजनाला पुरेशी मजबूत लोखंडी घोडी किंवा आडवे-उभे रचलेले भक्कम लाकडी ठोकळे चासीखाली लावावेत. चिरे रचून त्यांवर गाडी ठेवण्याची पद्धत मी अनेक वाड्यांत पाहिली आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे: जांभा भार सोसतो असे वाटते, पण एका बिंदूवर वजन आले की पूर्वसूचना न देता तडकतो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात. हँडब्रेकवर विसंबू नये. अनेक लष्करी गाड्यांत तो चाकावर नसून मधल्या शाफ्टवर असतो, आणि एक चाक उचलले की डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीतून) सूट मिळून त्याची पकड संपते.

छप्पर शक्यतो पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंनी खेळती हवा राहील असे असावे. ताडपत्रीत गच्च गुंडाळलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजते, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही.

ब्रेक

येथे घाई करू नये आणि काटकसरही करू नये. चारही ड्रम उघडायचे आहेत, एकही सोडायचा नाही. ड्रम बसून गेला असेल तर त्यावर सर्व बाजूंनी थोडे थोडे ठोकत, गंज सोडवणारे तेल मुरवत, दोन-तीन दिवस द्यावेत. बहुतेक ड्रमना बाहेर ढकलण्यासाठी आटे असलेली भोके असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की तो सरळ बाहेर येतो.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे रुततात. तोंडावर चांगला मास्क बांधून, पाण्यात थोडा साबण घालून ती धूळ ओली करावी, फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकून द्यावे. हे काम मुलांना पाहायला बोलावू नये.

मग चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकावरची रबरी टोपी बोटाने हलकेच उचलावी. आत कोरडे असेल तर ठीक. तेलाचा थेंब दिसला, किंवा तपकिरी, चहाच्या गाळासारखा लगदा दिसला, तर सिलिंडर उघडायचाच. पिस्टन बाहेर काढून भोक फडक्याने पुसले की आतला पृष्ठभाग दिसतो, आणि नेमके खालच्या बाजूला, जेथे तेलात मुरलेले पाणी खाली बसते तेथे, बारीक काळे खड्डे पडलेले आढळतात. नखाने जाणवणार नाहीत इतके पुसट डाग बारीक होनिंगने, म्हणजे आतून दगडाने घासून, जातात. नख अडकले तर नवी रबरे घालून उपयोग नसतो. ती त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत फाटतात. असा सिलिंडर बदलावा किंवा लेथवर त्यात पितळी किंवा स्टीलचा नळकांडा बसवून घ्यावा. पेडलने चालणाऱ्या मास्टर सिलिंडरलाही हाच नियम.

धातूच्या ब्रेक नळ्या कोकणात बाहेरून गंजतात, आणि त्या चासीला ज्या क्लिपांनी धरलेल्या असतात त्या क्लिपांच्या आतच सर्वाधिक. क्लिप सोडल्याशिवाय ते दिसत नाही. संशय आला तर नळी बदलून तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घालावी. ती महाग पडते, पण खाऱ्या हवेत टिकते. रबरी होस पाइप तर वयावरच बदलावेत. ते आतून सुजतात, पायाखाली ब्रेक चांगला लागतो, पण तेल परत येत नाही आणि चाक धरून ठेवते.

तेल घालताना डबा नवा, सीलबंद घ्यावा. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवणे म्हणजे पाणीच साठवून ठेवणे. इंजिनाचे किंवा कोणतेही खनिज तेल या व्यवस्थेत चुकूनही जाता कामा नये, कारण त्याने सगळी रबरे फुगतात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे. हवेच्या दाबाची मदत असलेली गाडी असेल तर हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून साचलेले पाणी काढण्याची सवय रोजची करून घ्यावी. आणि हे तेल दर वर्षी, पाऊस संपल्यावर, पूर्ण बदलावे.

चाके

लष्करी गाड्यांच्या चाकांत एक धोका आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे माणसे दगावतात. अनेक रिमा एका तुकड्याच्या नसतात. काहींत कडेला लोखंडी कडे बसवलेले असते आणि टायरमधल्या हवेच्या दाबाने ते जागेवर राहते. काहींत रिमचे दोन अर्धे भाग बोल्टनी जोडलेले असतात. या दुसऱ्या प्रकारात एकाच चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. एक वर्तुळ चाक हबला धरते, दुसरे रिमचे अर्धे एकमेकांना धरते. हवा भरलेली असताना दुसऱ्या वर्तुळातले नट सोडले तर रिम फुटून उडते. म्हणून कोणत्याही चाकाला पाना लावण्यापूर्वी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडावी, भोकात तार घालून ते बुजलेले नाही याची खात्री करावी, आणि रिम जोडणाऱ्या नटांवर लाल रंगाचा ठिपका द्यावा म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी हात लावला तरी त्याला कळेल. कडे असलेल्या रिमेत हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, लांब पाइप वापरावा आणि समोर उभे राहू नये. कडे नीट बसले नाही म्हणून भरल्या चाकावर हातोडी मारणाऱ्या पंक्चरवाल्याकडे ते चाक देऊ नये, तो कितीही अनुभवी असला तरी.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांवरचा टायर पुढच्या चाकांना ठेवू नये. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. बोल्टच्या टोकावर खूण आहे का पाहावी. पाइप लावून जोर करण्याआधी एवढे पाहिले तर बोल्ट तुटत नाहीत.

तेले आणि हवेची भोके

गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारी ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांतले तेल बदलण्यापूर्वी आधी वरचे, भरायचे बूच सुटते का ते पाहावे. खालचे बूच आधी काढून तेल सांडले आणि वरचे निघाले नाही, तर गाडी तेथेच अडकते. निघालेले तेल दुधी किंवा कॉफीच्या रंगाचे असेल तर आत पाणी गेले आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात आणि काही तेलांतली रसायने पितळ खातात. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचे तेल घालावे आणि जीएल-५ डिफरन्शियलपुरते ठेवावे.

पाणी आत जाते कसे, तर बहुधा प्रत्येक ॲक्सलवर असलेल्या छोट्या ब्रीदरमुळे, म्हणजे हवेच्या भोकामुळे. गाडी चालून ॲक्सल तापला की आतली हवा या भोकातून बाहेर जाते आणि थंड झाला की आत येते. लाल चिखलाने हे भोक बुजले की तापलेली हवा ऑइल सील ढकलून वाट काढते. आणि तापलेला ॲक्सल एकदम वहाळाच्या थंड पाण्यात उतरला की त्याच सीलमधून पाणी आत ओढले जाते. नवे सील घालूनही पुन्हा पुन्हा गळती होत असेल तर मेस्त्रीला दोष देण्याआधी ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवावा. त्याला रबरी नळी जोडून तिचे टोक हौद्याच्या उंचीला नेऊन ठेवले तर पावसाळ्यात हा प्रश्नच उरत नाही.

ग्रीस भरायची सगळी टोके, म्हणजे निप्पले, शोधून काढावीत. रंगाखाली दडलेली हमखास सापडतात. जोड्यातून जुने, काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन मारावी. जेटीवर किंवा पुळणीवर गाडी जाणार असेल तर पाण्याने न धुपणारे, कॅल्शियम सल्फोनेटचे ग्रीस मागावे.

इंधन

टाकीतले डिझेल खालच्या बुचातून काचेच्या बाटलीत घ्यावे आणि बाटली रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी तीन थर दिसू शकतात: तळाशी पाणी, वर स्वच्छ डिझेल, आणि दोहोंच्या सीमेवर काळपट, शेवाळासारखा चिकट थर. हा मधला थर म्हणजे पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर वाढलेले सूक्ष्म जीव, आणि तोच फिल्टर तुंबवतो. असा थर दिसला तर टाकी उतरवूनच धुवावी. नुसते वरून नवे डिझेल ओतून चालत नाही. धुतलेली टाकी रिकामी दिसली तरी वेल्डिंगला देऊ नये, आतली वाफ पेट घेते. पुढे पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव धरायला मोकळी जागा राहत नाही.

पेट्रोलच्या जोंग्याला आणि निसानला याच्या नेमके उलट करावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओल धरते आणि जुन्या पद्धतीची रबरे कुजवते. पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घालावेत, आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

वीज

बहुतेक लष्करी ट्रक २४ व्होल्टचे असतात; १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून ते मिळतात. टेप किंवा दिव्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नयेत, त्याने ती बॅटरी उतरत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन आटते. त्यासाठी २४ चे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर मिळतो. वायर सोडताना आधी अर्थिंगची, जोडताना तीच शेवटी. विजेचे निम्मे बिघाड खाऱ्या हवेत अर्थिंगच्या जोडावरच होतात, म्हणून प्रत्येक जोड चकाकेपर्यंत घासून, आवळून, वर व्हॅसलीन लावावे. मागच्या डिफरन्शियलवर पांढरा रंग आणि त्याच्यावर उजेड टाकणारा छोटा दिवा आढळेल; अंधारात ताफ्याने जाताना मागच्या चालकाला तेवढाच ठिपका दिसावा म्हणून तो असतो. तो दिवा जपावा, पण त्याची वायर चाकाच्या चिखलात कुजलेली असते, तेव्हा ती नवी करावी किंवा तात्पुरती तोडून टोक बंद करावे.

इंजिन

आता इंजिनाची पाळी. जुने तेल आणि फिल्टर बदलावा. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने, पुलीच्या बोल्टला पाना लावून, पूर्ण दोन फेरे फिरवावे. कोठे अडले तर जोर न करता थांबून कारण शोधावे. अडलेला व्हॉल्व्ह सेल्फच्या जोराने वाकतो. रेडिएटरमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरीचे मचूळ पाणी घालू नये. बॅटरीचे शुद्ध पाणी आणि डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घालावे.

यानंतर डिझेल पंप. इन-लाइन, म्हणजे एका ओळीत सिलिंडरवार भाग असलेल्या, पंपात प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जायचे हे एक दातेरी पट्टी ठरवते. तिला रॅक म्हणतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत जुन्या डिझेलचा चिकट राप बसून ही पट्टी एका जागी अडकते, आणि ती जर भरपूर डिझेल देणाऱ्या जागी अडकली असेल तर इंजिन सुरू होताच वेग घेत सुटते व चावी बंद करून थांबत नाही. पंपाच्या बाजूचे झाकण काढून, पायाचा एक्सलेटर आणि बंद करण्याची दांडी हलवताना ती पट्टी दोन्ही बाजूंना अलगद सरकते आणि स्प्रिंगने परत येते, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. सरकत नसेल तर स्वच्छ डिझेल आणि पातळ तेल मुरवत ठेवावे. तरीही न हलल्यास पंप उतरवून पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवर द्यावा. पेचकसाने ढकलू नये.

हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळावा, मग पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी सेल्फ मारताना नोझलचे नट एकेक करून. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, तो कातडीच्या आत शिरतो. पहिल्यांदा सुरू करताना हवा आत जाणाऱ्या पाइपचे तोंड उघडे ठेवून त्याशेजारी एका माणसाला जाड, सपाट फळी देऊन उभे करावे. इंजिन सुटलेच तर फळीने तोंड बंद करायचे. हाताने किंवा फडक्याने नाही, कारण फडके आत ओढले जाते. सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात तेलाच्या दाबाचा काटा उठला नाही तर लगेच बंद करावे.

गंज थांबवणे

रंगकामाचा हंगाम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत. त्या दिवसांत हवा कोरडी असते, तरी पहाटे पत्र्यावर दव असतेच. म्हणून ऊन चढून पत्रा कोमट झाल्यावर सुरुवात करावी आणि उन्हे कलण्याआधी हात थांबवावा. आधी गोड्या पाण्याने दाबाने धुवून मीठ काढावे, कारण मिठावर दिलेला महागडा रंगही फुगून निघतो. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा, उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडचे, गंज थोपवणारे कन्व्हर्टर लावावे, त्यावर इपॉक्सी किंवा जस्ताचा प्रायमर आणि मग रंग. चासीच्या पोकळ्यांत, दारांच्या आत आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यांत मेण किंवा लॅनोलिनचा फवारा मारावा. पाणी निघून जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. केबिनच्या पुढच्या जाळीत पालापाचोळा साठून फरशी कुजते, तो हाताने काढावा.

चासीला जळके इंजिन तेल फासण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. ती मला पटत नाही. ते तेल पाट्यांचे बुश आणि ब्रेकचे होस सुजवते, त्यातली आम्ले लोखंडालाही चांगली नाहीत, आणि पहिल्या पावसात ते वाहून परड्यातल्या विहिरीकडे जाते. माचवा ओढायला किंवा मासळी आणायला गाडी पुळणीवर उतरली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

चालवणे आणि पावसाळा

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर करावी, आणि थांबल्यावर प्रत्येक हबला हात लावून पाहावा. एकच हब तापला असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग कोरडे आहे. पुढच्या चाकांचा जोर कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर तोडतात, आणि तो फरक निसटायला जागा नसल्यामुळे ताण शाफ्टच्या सांध्यावर (क्रॉसवर) आणि ट्रान्सफर केसवर येतो. चिखल, रेती, ओली चढण यांसाठीच तो आहे. आंबा किंवा फोंडा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच्याही खालचा गिअर माथ्यावरच टाकावा, आणि वहाळ ओलांडल्यावर ब्रेक हलका दाबून काही अंतर चालवून लायनर वाळवावेत.

मृगाआधी एअर क्लीनरचे तोंड, सायलेन्सर आणि वायरिंगची भोके जाळीने बंद करावीत. उंदीर आणि घुशी कोरडी जागा शोधतातच. गाडी सुरू करण्यापूर्वी त्या जाळ्या काढल्या की नाही हे स्टिअरिंगला चिठ्ठी बांधून लक्षात ठेवावे. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी ती पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, आणि शक्यतो चालवून फिरवावी. पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याने नुकसानच होते: इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये धरलेले पाणी उडून जात नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटू नये म्हणून उभ्या गाडीत पेडल लाकडाच्या टेकूने दाबून ठेवता येते.

सुटे भाग शोधताना गाडीचे नाव सांगून काही मिळत नाही, माप सांगून मिळते. बेअरिंग आणि ऑइल सील यांच्या कडेवर क्रमांक असतो. तो पुसला गेला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून लिहून घ्यावी. त्या मापांवर बेअरिंगच्या दुकानात साधा, चालू बनावटीचा भाग अनेकदा सापडतो. बुश, पिना, शाफ्टचे झिजलेले भाग यांसाठी घाट चढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जावे. तेथे नमुना पाहून लेथवर भाग करून देणारे कारागीर आहेत. नमुना म्हणून झिजलेला भाग देताना त्याच्या जोडीचा दुसरा भागही न्यावा, कारण झिजलेल्या मापावरून नवा भाग कातला तर तोही झिजल्यासारखाच सैल बसतो.